ब जीवनसत्त्वाच्या गोळ्यांचा त्रास होत असेल तर काय करावे

बी-कॉम्प्लेक्सची गोळी सुरू केल्यावर लघवी गडद पिवळी दिसली की काही जण घाबरून गोळीच बंद करतात. याउलट काही महिन्यांनी तळपायांना मुंग्या येऊ लागल्या, तर अंगात जीवनसत्त्वाची कमतरताच असणार असे गृहीत धरून आणखी एक गोळी सुरू करणारेही पुष्कळ आहेत. पहिल्या बाबतीत काळजीचे काहीच कारण नसते. दुसऱ्या बाबतीत मात्र, ज्या गोळीमुळे त्रास सुरू झाला असण्याची शक्यता आहे, तिचीच मात्रा वाढवली जाते. हा घोटाळा होतो, कारण ‘ब जीवनसत्त्व पाण्यात विरघळते, जास्त झाले तर लघवीवाटे निघून जाते’ हे वाक्य आपण सर्वांनी ऐकलेले असते. ते अर्धेच खरे आहे.

पहिली पायरी: वेष्टन वाचून एकूण मात्रा काढावी

ब गटात आठ जीवनसत्त्वे येतात: थायमिन (बी-१), रायबोफ्लेविन (बी-२), नायसिन (बी-३), पँटोथेनिक आम्ल (बी-५), पायरिडॉक्सिन (बी-६), बायोटिन (बी-७), फोलिक आम्ल (बी-९) आणि बी-१२. प्रत्येकाचा दुष्परिणाम वेगळा असल्यामुळे ‘मला बी-कॉम्प्लेक्स सोसत नाही’ असे म्हणून काहीच निष्पन्न होत नाही. आपण घेत असलेली सगळी उत्पादने समोर मांडावीत आणि प्रत्येकातील प्रत्येक घटकाची मात्रा कागदावर लिहून बेरीज करावी. मल्टिव्हिटॅमिन, केसांसाठीची गोळी, नसांच्या दुखण्यावरची गोळी, मॅग्नेशियमचे मिश्रण, उत्साहवर्धक पेय यांपैकी कशातही बी-६ असू शकते. लिहिताना एकक नीट पाहावे, कारण १ मिलिग्रॅम म्हणजे १००० मायक्रोग्रॅम.

दुसरी पायरी: किरकोळ त्रास ओळखून तो घरीच आटोक्यात आणावा

लघवीचा पिवळाधमक रंग रायबोफ्लेविनमुळे येतो आणि तो निरुपद्रवी असतो. मळमळ किंवा पोटात जळजळ होत असेल, तर गोळी उपाशीपोटी न घेता जेवणानंतर घ्यावी. एकाच गोळीत लोह किंवा जस्त असेल, तर मळमळ त्यांच्यामुळेही होत असू शकते. गोळी घेतल्यावर झोप लागत नाही असे वाटत असेल, तर ती सकाळी घेऊन पाहावी.

गोळीनंतर चेहरा, मान आणि छाती एकाएकी लाल होऊन खाज सुटत असेल, तर बहुधा नायसिनच्या ‘निकोटिनिक आम्ल’ या रूपाचा तो परिणाम असतो. त्वचेखालच्या रक्तवाहिन्या रुंदावल्यामुळे हे घडते. ३० ते ५० मिलिग्रॅमच्या मात्रेलाही ते होऊ शकते आणि साधारण तासाभरात ओसरते. गोळी जेवणाबरोबर घेतल्याने आणि त्या वेळी मद्य व गरम पेये टाळल्याने हा त्रास कमी होतो. नायसिनचेच ‘निकोटिनामाइड’ हे दुसरे रूप अशी लाली आणत नाही, त्यामुळे ते असलेले उत्पादन चालेल का, हे औषधविक्रेत्याला किंवा डॉक्टरांना विचारावे. मात्र कोलेस्टेरॉल कमी व्हावे म्हणून दिवसाला एक-दोन ग्रॅम नायसिन स्वतःच्या मनाने घेणे सरळसरळ धोक्याचे आहे: त्याने यकृताला इजा होऊ शकते आणि रक्तातील साखर व युरिक आम्ल वाढू शकते.

तिसरी पायरी: मुंग्या येत असल्यास बी-६ थांबवावे

या लेखातील सर्वांत महत्त्वाचा भाग हाच आहे. प्रौढ माणसाला दिवसाला साधारण १.३ ते १.७ मिलिग्रॅम बी-६ पुरते. बाजारात ५० किंवा १०० मिलिग्रॅमच्या गोळ्या सहज मिळतात. दीर्घकाळ जास्त मात्रा घेतल्यास संवेदना वाहून नेणाऱ्या नसांना इजा होते: आधी बोटांना बधिरपणा आणि मुंग्या येतात, नंतर चालताना तोल जाऊ लागतो. १९८३ साली वैद्यकीय नियतकालिकात नोंदल्या गेलेल्या सात रुग्णांनी दिवसाला २ ते ६ ग्रॅम बी-६ घेतले होते, म्हणून पुष्कळ वर्षे हा प्रश्न केवळ अशा अचाट मात्रांचा मानला जात असे. आता मर्यादा खाली येत आहेत. अमेरिकेत प्रौढांसाठी १०० मिलिग्रॅम ही वरची मर्यादा असली, तरी युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२३ मध्ये ती १२ मिलिग्रॅमवर आणली.

अडचण अशी, की बी-१२ च्या कमतरतेची लक्षणेही नेमकी हीच असतात, आणि ‘नसांसाठी’ म्हणून दिल्या जाणाऱ्या कित्येक गोळ्यांत बी-१२ सोबत भरपूर बी-६ असते. त्यामुळे लक्षणे पाहून अंदाज बांधू नये; अतिरिक्त बी-६ असलेले उत्पादन थांबवून डॉक्टरांना भेटावे आणि रक्ततपासणीने दोहोंचा निवाडा करून घ्यावा. गोळी बंद केल्यावरही काही आठवडे लक्षणे वाढलेली वाटू शकतात. त्याचा अर्थ गोळी पुन्हा सुरू करावी असा नाही.

अपवाद एकच, पण मोठा: क्षयरोगाच्या उपचारात आयसोनियाझिडबरोबर दिलेले बी-६ किंवा संधिवातासाठी मेथोट्रेक्सेटबरोबर दिलेले फोलिक आम्ल हे त्या औषधांचे दुष्परिणाम टाळण्यासाठीच असते. ते डॉक्टरांना न विचारता थांबवू नये.

चौथी पायरी: रक्ततपासणीआधी गोळ्यांची माहिती द्यावी

बायोटिनमुळे शरीराला सहसा काही जाणवत नाही, पण अहवाल चुकतो. प्रौढांना दिवसाला सुमारे ३० मायक्रोग्रॅम बायोटिन पुरत असताना केसांसाठीच्या गोळ्यांत ५ ते १० मिलिग्रॅम, म्हणजे शेकडो पट, बायोटिन असते. काही तपासण्यांच्या पद्धतीतच बायोटिन वापरलेले असल्याने थायरॉइड वाढलेला नसतानाही वाढल्यासारखा दिसू शकतो आणि हृदयविकाराच्या झटक्यात वाढणारे ट्रोपोनिन खोटेच कमी दिसू शकते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ मध्ये याबद्दल इशारा दिला होता. नियोजित तपासणीपूर्वी बायोटिन किती दिवस बंद ठेवायचे, हे प्रयोगशाळेला विचारावे. तातडीच्या प्रसंगी, विशेषतः छातीत दुखत असताना, आपण ते घेतो हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

फोलिक आम्लाची अडचण याच जातीची आहे. बी-१२ च्या कमतरतेमुळे झालेला रक्तक्षय ते सुधारते, पण नसांची हानी चालूच राहते.

पाचवी पायरी: वाट पाहत थांबू नये अशी लक्षणे

ओठ किंवा चेहरा सुजणे, श्वास लागणे, अंगभर गांधी उठणे ही ॲलर्जीची लक्षणे आहेत; बी-१२ किंवा थायमिनच्या इंजेक्शननंतर ती क्वचित दिसतात आणि त्यासाठी तत्काळ रुग्णालय गाठावे. डोळे पिवळे होणे किंवा चालताना तोल जाणे यासाठी गोळी बंद करून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

त्रास पूर्ण थांबल्यावर डॉक्टरांनी गोळी पुन्हा सुरू करण्यास सांगितलेच, तर मिश्रणाऐवजी ज्याची कमतरता तपासणीत दिसली आहे तेवढे एकच जीवनसत्त्व घ्यावे, आणि सुरू केल्याची तारीख व मात्रा त्याच कागदावर लिहून ठेवावी.