परसातली केळ पिवळी पडत्या? आधी या चुका टाळा

आमच्या कोल्हापुरात न्हाणीच्या पाण्यावर केळ लावायची पद्धत जुनीच, आणि पान पिवळं दिसलं की मूठभर युरिया टाकायची सवयपण तेवढीच जुनी. सगळ्यात मोठी चूक तीच. आधी बघा, पिवळं कुठलं पान पडलंय, खालचं जुनं का वरचं नवीन, कारण नत्र, पालाश (म्हणजेच पोटॅश), मॅग्नेशियम कमी पडलं की झाड ते जुन्या पानातनं ओढून नव्याला देतं, पण लोह आणि बोरॉन तसं हलत नाही, म्हणून तिथं नवीन पानच खराब येतं.

जुन्या पानाची टोकं, कडा केशरी-पिवळ्या होऊन करपायला लागल्या, पान मधेच मोडून लोंबायला लागलं तर पोटॅश कमी. केळीला पोटॅश लई लागतं, झाडामागं साधारण २०० ग्रॅम पालाश, म्हणजे म्युरेट ऑफ पोटॅश हे खत ३३० ग्रॅमच्या आसपास, पण एकदम ओतू नका, महिन्याला ४०-५० ग्रॅम, बुंध्यापासनं फूटभर लांब गोल टाकून वर पाणी द्या. आणि नुसतं पोटॅशच वाढवत गेलं की मॅग्नेशियम उचललं जात नाही, मग जुन्या पानाची कड हिरवी आणि आतला भाग पिवळा दिसतो.

माझ्या न्हाणीजवळच्या केळीचं नवीन पान पार पांढरट-पिवळं आलं, शिरा तेवढ्या हिरवट. राखेत पोटॅश असतं म्हणून मी चुलीची राख टाकत गेलो आणि पुढचं पान त्याहून फिकं आलं. साबणाचं पाणी आणि राख, दोन्हीनं मातीचा पीएच वाढतो, म्हणजे माती अल्कधर्मी होत्या, मग मातीत लोह असूनबी मुळांना मिळत नाही. पाणी पाईपनं दुसरीकडं काढलं, राख बंद केली, लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम फेरस सल्फेट, थोडा लिंबाचा रस आणि स्टिकरचे (फवारा पानाला चिकटवणारं द्रावण) थेंब घालून संध्याकाळी फवारलं. स्टिकर विसरू नका, पान मेणचट असतं, पाणी घसरतं. पिवळं पडलेलं पान हिरवं होईलच असं नाही, नव्या पानाकडं बघा.

पावसाळ्यात आपल्या काळ्या मातीत बुडाला पाणी साचलेलं असताना खत टाकू नका, आधी चर काढा.

आणि नवीन पानं अरुंद, ताठ, एकाच जागी गुच्छासारखी येत असतील, देठावर गडद हिरव्या तुटक रेघा असतील तर तो पर्णगुच्छ, विषाणूचा रोग, मावा ही बारकी कीड तो पसरवत्या. त्याला कुठलंच खत चालत नाही, माव्यासाठी फवारून झाड गड्ड्यासकट काढा आणि त्याची पिल्लं कुणालाच देऊ नका, शेजारी कितीबी मागूदेत.