वावर सपाट करण्याआधी लेझर तपासा

ट्रॉलीत हादरे खात आलेला फिरता लेझर ट्रान्समीटर (तिवईवर बसून गोल, सपाट किरण फिरवणारे यंत्र) थोडा कललेला असू शकतो. यंत्र सपाट असल्याचा दिवा हिरवा लागतो, तरी किरण तिरपा फिरतो. म्हणून ट्रॅक्टरमागे माती सारखी करणारा लेव्हलर लावण्याआधी दोन खुंट्यांची चाचणी कराच. अर्धा तास लागतो.

60 मीटर अंतरावर खुंट्या पक्क्या ठोका. ट्रान्समीटर बरोबर मधोमध ठेवून दोन्ही खुंट्यांवर मोजपट्टी उभी धरा, किरण पकडणाऱ्या रिसीव्हरने रीडिंग घ्या. समजा 1.420 आणि 1.535 मीटर आले, म्हणजे फरक 115 मिमी. किरण तिरपा असेल तर चूक एका खुंटीवर वर आणि दुसरीवर खाली येते, म्हणून हा फरक अजून खरा मानू नका. आता ट्रान्समीटर तिथेच, तिवईवर 180 अंश फिरवा. यावेळी 1.408 आणि 1.547 आले तर फरक 139, म्हणजे आधीपेक्षा 24 मिमी जास्त. याच्या निम्मी, 12 मिमी, ही 60 मीटरवरची चूक, म्हणजे 100 मीटरला 20 मिमी. एवढ्यानेही पाणी एकाच धुऱ्याला तुंबते. 60 मीटरवरची चूक 5 मिमीच्या आत असेल तर शेतकामाला चालेल. नंतर यंत्र तिवईवर 90 अंश फिरवून, आणि तिथून परत 180 अंश फिरवून, पुन्हा तसेच तपासा. दुसरा अक्ष बरेच जण विसरतात.

काळ्या जमिनीत तिवईचा पाय भेगेवर ठेवू नका, हळूहळू खचतो. आणि मे महिन्यात हे काम सकाळीच उरका. दुपारी तापलेल्या जमिनीवरची हवा किरण वाकवते, रीडिंग नाचते, आणि मग दोष यंत्राचा की उन्हाचा ते कळत नाही.