नव्या बालवाडीताईंसाठी: चित्राच्या मागे काय लिहायचं?

बालशिक्षणाचा कोर्स करून नवी ताई वर्गावर येते तेव्हा तिच्या पिशवीत हमखास घोटीव कागद, डिंक आणि यूट्यूबवर पाहून ठेवलेल्या ॲक्टिव्हिटींची यादी असते. उत्साह खराच असतो. पण आठवडाभरात भिंतीवर पंचवीस सारखी बदकं लागतात आणि सगळ्यांच्या चोची ताईनेच चिकटवलेल्या असतात. पालक खूश, मुख्याध्यापिका खूश. मुलांनी काय केलं? ताईने बोट ठेवलं तिथे कापूस दाबला.

म्हणून आधी एवढंच करा, नमुना दाखवू नका. साहित्य मांडा आणि शेजारी खाली बसा.

रंगकाम, ठसेकाम, कातरकाम सगळं यथावकाश येईलच, पण सुरुवात मातीने करा. शेतातली काळी माती वाळताना भेगाळते, त्यामुळे जवळ कुंभारवाडा असेल तर तिथून आणा. नाहीतर शाडू चालते. खडे काढून रात्रभर भिजवा, सकाळी मळा. वळकटी करून वाकवली तर तुटता कामा नये आणि हाताला चिकटताही कामा नये, इतपत सैल ठेवा. उरलेली माती ओल्या गोणपाटात गुंडाळून झाकणाच्या बादलीत टाकली की दुसऱ्या दिवशी पुन्हा वापरता येते. सुरुवातीला मुलं काहीच 'बनवत' नाहीत. बोटं खुपसतात, थापट्या मारतात, तुकडे तोडतात. ते होऊ द्या. मग वळ्या येतात, गोळे येतात, साप आणि लाडू होतात. एक तुकडा दुसऱ्याला जोडायची कल्पना बरीच नंतर सुचते. एखाद्याला मातीत हात घालायची किळस वाटते. त्याला काडी किंवा चमचा द्या, आग्रह करू नका.

चित्रांचंही तसंच. आधी नुसत्या रेघोट्या, साधारण तिसऱ्या वर्षाच्या आसपास रेघ फिरून स्वतःलाच येऊन मिळते आणि गोल होतो. पुढे त्या गोलालाच थेट हातपाय फुटतात. "पोट कुठंय याचं?" असं पालक विचारणारच. जगभरची मुलं या टप्प्यातून जातात हे त्यांना सांगा आणि पोट काढून दाखवायचा मोह टाळा.

आता नोंदवही. कोर्समध्ये निरीक्षण नोंदी गुणांसाठी लिहिल्या जातात आणि नोकरी लागली की वही बंद होते. माझ्या मते चांगली ताई आणि नुसती हौशी ताई यांच्यातला फरक या वहीतच दिसतो. मुलं गेल्यावर पंधरा मिनिटं बसा. रोज दोन-तीन मुलांबद्दलच लिहा. सगळ्यांबद्दल लिहायला गेलात तर चौथ्या दिवशी कंटाळाल.

पानाच्या मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे फक्त दिसलेलं आणि ऐकलेलं. 'मस्त चित्र काढलं, पण लक्ष चंचल' ही नोंद नव्हे, तो शेरा झाला. नोंद अशी: 'लाल खडू मुठीत धरला. गोल काढला, खाली दोन लांब रेघा. म्हणाली, ही आजी, तिचे पाय दुखतात. रेघा पुन्हा पुन्हा गिरवल्या, कागद फाटेपर्यंत.' उजवीकडे तुमचे विचार: पाय इतके का गिरवले? घरी आजी आजारी आहे का? उद्या मोठा, जाड कागद द्यावा. मी मध्येच 'छान!' म्हणाले आणि ती थांबली, हेही तिथेच.

त्या 'छान'बद्दल थोडं. वाईट काही नाही, पण त्याने बोलणं संपतं. "याच्याबद्दल सांग ना" म्हटलं की सुरू होतं. मूल सांगेल ते चित्राच्या मागे तारखेसह त्याच्याच शब्दांत लिहा. ते 'म्हसरं' म्हणालं तर 'म्हशी' करू नका. महिन्याभराने जुनी चित्रं काढून मुलासमोर पसरा आणि त्याने मागे सांगितलेलं त्याला वाचून दाखवा. चार वर्षांचं मूलसुद्धा "तेव्हा मला हात काढता येत नव्हते" असं सांगतं. आपल्या कामाकडे मागे वळून पाहणं म्हणतात ते हेच, त्यासाठी वेगळा तास लागत नाही.

आपल्याकडे हे नवीनही नाही. बालशिक्षणात आयुष्य घालवलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, पुढे 1957 मध्ये काम कोसबाडला नेलं. मुलं शाळेत येईनात, तेव्हा शिक्षिकाच आदिवासी पाड्यावरच्या अंगणात गेल्या आणि तिथे जे मिळेल ते साहित्य झालं. 2020 च्या शैक्षणिक धोरणाने 3 ते 8 हा वयोगट पायाभूत स्तर मानला आणि 2022 च्या या स्तराच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात खेळ आणि कलेला जागा मिळाली. त्यामुळे "हे सगळं कशाला, अक्षरं कधी शिकवणार?" असं कुणी विचारलं तर तुमच्या बाजूने सरकारी कागदही आहे. पण पालकसभेत कागदापेक्षा वहीचा उपयोग जास्त होतो. एकाच मुलाची जूनमधली आणि डिसेंबरमधली चित्रं शेजारी ठेवा. खडू धरायची पकड कशी बदलली, रेघ कुठे थांबवता येऊ लागली, हे दाखवा. लिहिणारा हात तिथेच तयार होत असतो, हे आयांना पटकन कळतं. वडिलांना थोडा वेळ लागतो.

गाणी, अभिनयगीतं, बाहुल्या यांबद्दल मुद्दाम लिहीत नाही. त्यात नव्या मुली आमच्यापेक्षा तरबेज असतात.

मुलाखतीला जाल तेव्हा पगाराइतकंच आणखी दोन गोष्टींकडे लक्ष द्या. रंग आणि कात्र्या मुलांच्या हाताला येतील अशा फळीवर आहेत की कुलूपबंद कपाटात, हे पाहा. आणि मुलं गेल्यावर ताईंना वर्गात बसायला वेळ मिळतो, की लगेच दुसरी बॅच येते, ते विचारा. दुसरी बॅच लगेच असेल तर नोंदीसाठी वेळ आधीच मागून घ्या. रुजू झाल्यावर तो कुणी देत नाही.