मोठ्या घरात गॅस बॉयलर बसवताय? या चुका टाळा

पाच बेडरूम, तीन बाथरूम आणि किचनच्या कपाटात एक कॉम्बी बॉयलर, म्हणजे पाणी न साठवता नळ सोडताच तापवून देणारा आणि घराचं हीटिंगही करणारा. इंग्लंडमध्ये रीडिंगला आम्ही हे घर घेतलं तेव्हा बॉयलर जेमतेम वर्षभर जुना होता, म्हणून मी निर्धास्त होते. नोव्हेंबरात आई-बाबा पुण्याहून आले आणि पहिल्याच सोमवारी पंचाईत झाली. वर मुलगी शॉवरखाली, खाली बाबांनी बादली लावलेली, आणि दोघांनाही पाणी कोमट. खोल्या उबदार ठेवणारे रेडिएटरही तेवढा वेळ गार, कारण कॉम्बी गरम पाणी देत असतो तेव्हा हीटिंग थांबवतो. बाबा काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवसापासून पहाटे पाचला उठून अंघोळ उरकायला लागले. ते मला फार लागलं. पुढे बॉयलर बदलताना मी प्रत्येक गोष्ट खोदून खोदून विचारली. मोठ्या घरात जाणाऱ्या आपल्या माणसांसाठी त्यातलं कामाचं तेवढं इथे लिहिते.

बेडरूम मोजू नका, सकाळ मोजा

कोटेशन द्यायला येणारा माणूस आधी बेडरूम आणि बाथरूम किती ते विचारतो. खरा प्रश्न असतो एका वेळी किती नळ चालू राहतात हा. इथल्या बऱ्याच घरांत कोणी सकाळी अंघोळ करतं, कोणी रात्री. आपल्याकडे साडेसहा ते आठ या वेळात सगळ्यांच्या अंघोळी व्हायला हव्यात, त्यात पाहुणे असले तर बघायलाच नको. ही सवय त्याला आपणहून सांगा.

आता हिशेब बघा. हिवाळ्यात नळाचं पाणी 5 अंशांच्या आसपास असतं आणि अंघोळीला 40 अंश लागतं. म्हणजे पाणी 35 अंशांनी तापवायचं. 30 किलोवॅटचा कॉम्बी अशा वेळी मिनिटाला साधारण 12 लिटर पाणी देतो, 35 किलोवॅटचा 14. एक चांगला शॉवरच 8 ते 10 लिटर घेतो, मोठ्या गोल झारीचा त्याहून जास्त. दुसरा नळ सुटला की दोघांचीही अंघोळ बिघडते. बॉयलरमध्ये दोष नसतो, त्याच्या ताकदीची ती मर्यादाच आहे.

दोन किंवा अधिक बाथरूम एकदम वापरात असतील तर सिस्टीम बॉयलर आणि गरम पाण्याचा सिलिंडर (बॉयलरने तापवलेलं पाणी साठवणारी बंद टाकी) ही जोडी घ्या. 250 लिटरचा सिलिंडर 60 अंशांवर तापलेला असेल तर गार पाणी मिसळून कागदावर जवळपास 390 लिटर अंघोळीचं पाणी होतं. प्रत्यक्षात थोडं कमी धरा, तरी चार-पाच अंघोळी पाठोपाठ निघतात. रिकामा झालेला सिलिंडर चांगला बॉयलर पाऊण-एक तासात पुन्हा तापवतो. शिवाय उद्या हीट पंप (बाहेरच्या हवेतली उष्णता घरात आणणारं विजेवरचं यंत्र) लावायचा विचार असेल तर आत्ताच मोठ्या कॉइलचा, म्हणजे पाणी तापवणारी आतली नळी मोठी असलेला, सिलिंडर मागा, त्याची जागा आणि पाइप पुढे कामाला येतात.

बादली लावून बघितल्याशिवाय सही करू नका

सिलिंडर घेतला म्हणजे प्रेशर आलं, हा समज महागात पडतो. आजकाल बसवतात ते बहुतेक सिलिंडर थेट मेन लाइनच्या जोरावर चालतात. रस्त्यावरून घरात पाणीच कमी येत असेल तर सिलिंडर ते वाढवणार नाही. जुन्या मोठ्या घरांत जमिनीखालचा पाइप अनेकदा अरुंद निघतो.

आपल्या बाथरूममधली बादली इथे कामाला येते. तिच्यात मापून 10 लिटर पाणी ओता, पातळीवर पेनने खूण करा आणि ती रिकामी करा. सकाळी साडेसातला, म्हणजे शेजारीपाजारीही पाणी वापरत असताना, बागेतला नळ पूर्ण सोडून घड्याळ लावा. खूण 30 सेकंदांत गाठली तर मिनिटाला 20 लिटर येतंय, काम चालेल. मिनिटभर लागला तर आधी पाइपाचं किंवा साठवण टाकीचं बघायला हवं, बॉयलर नंतर. आमच्याकडे 27 सेकंद लागले. आतला दुसरा नळ सोडूनही एकदा मोजा, प्रवाह किती कमी होतो ते कळतं.

मोठ्या घरात आणखी एक गोष्ट सुटते. सिलिंडरपासून लांबच्या बाथरूमपर्यंत 22 मिलिमीटरचा 15 मीटर पाइप असेल तर त्यात जवळपास 5 लिटर पाणी असतं, आणि ते गार झालेलं पाणी आधी वाहून जातं. भिंती उघड्या असतानाच परतीची लाइन, म्हणजे ते पाणी पंपाने पुन्हा सिलिंडरकडे नेणारा पाइप, टाकून घ्या. तिच्या पंपाला टायमर हवा आणि पाइपांवर इन्शुलेशन हवं, नाहीतर पाइप दिवसभर भिंतीच तापवत बसतील.

मोठं घर म्हणजे मोठा बॉयलर, असं नाही

कॉम्बीवर लिहिलेला 35 किलोवॅटचा आकडा मुख्यतः गरम पाण्यासाठी असतो. घर उबदार ठेवायला त्याच्या निम्म्याहूनही कमी पुरू शकतं. खोलीगणिक हीट लॉसचा, म्हणजे थंडीत किती उष्णता बाहेर जाते त्याचा, हिशेब करून मागा: खिडक्या, भिंती, छत, सगळं धरून. आमच्या घराचा आकडा 13 किलोवॅट आला, आणि पहिल्या कोटेशनमध्ये 40 किलोवॅटचा बॉयलर होता!

बॉयलर गरजेपेक्षा मोठा असेल तर ऑक्टोबरच्या सौम्य थंडीत त्याच्याजवळ पाच मिनिटं उभं राहून ऐका. भप्प करून पेटतो, दोन मिनिटांत विझतो, पुन्हा पेटतो. त्याची किमान ज्योतसुद्धा घराच्या गरजेहून मोठी असते. यात गॅसही जातो आणि सुटे भागही झिजतात. म्हणून कमाल आकड्याइतकाच किमान आकडाही विचारा.

सगळ्यात दुर्लक्षित चूक: 75–80 अंश

इंग्लंडमध्ये 2005 पासून काही अपवाद सोडले तर कंडेन्सिंग बॉयलरच बसवावा लागतो. हा बॉयलर गॅसच्या धुरातल्या वाफेचं पाणी करून त्यातली उष्णता परत मिळवतो. पण त्यासाठी रेडिएटरमधून परतणारं पाणी साधारण 55 अंशांच्या खाली असावं लागतं. इंजिनिअर बऱ्याचदा बॉयलरमधून निघणाऱ्या पाण्याचं तापमान 75 किंवा 80 वर ठेवून निघून जातात, मग परतीचं पाणी गरमच येतं आणि ज्या बचतीसाठी पैसे मोजले ती धुराड्यातून बाहेर जाते. जून 2022 पासून तर रेडिएटर-पाइपांसकट सगळी यंत्रणा नव्याने होत असेल तर शक्य तिथे ती निघणाऱ्या पाण्याच्या 55 किंवा त्याहून कमी अंशांवर चालेल अशी आखावी लागते. रेडिएटर थोडे मोठे घ्यावे लागले तरी घ्या.

मात्र सिलिंडर असेल तर एक गोम आहे. जंतू वाढू नयेत म्हणून साठवलेलं पाणी 60 अंशांपर्यंत जायला हवं. साध्या जोडणीत बॉयलरला एकच तापमान ठाऊक असतं. ते तुम्ही 55 वर आणलंत तर सिलिंडर 60 कधीच गाठणार नाही आणि बॉयलर उगाच राबत राहील. आमच्याकडे हे आठवडाभर चाललं होतं, गॅसचा मीटर बघितल्यावर लक्षात आलं. उपाय म्हणजे गरम पाण्याला प्राधान्य देणारी जोडणी: सिलिंडर तापवताना 65–70, हीटिंगला 50–55. ही वायरिंग आणि तिला चालणारा कंट्रोलर बॉयलर बसवतानाच ठरवून घ्या, नंतर खर्च वाढतो. बाहेरच्या हवेनुसार तापमान बदलणारा सेन्सर त्याच वेळी लावून घ्यावा.

बसवल्यानंतर

लंडन आणि आग्नेय भागात पाणी जड आहे, म्हणून क्षार रोखण्याची सोय हवीच. जुने रेडिएटर ठेवणार असाल तर आधी सगळे पाइप धुऊन घ्या आणि चुंबकी फिल्टर लावा, नाहीतर काळा गाळ नव्या बॉयलरमध्ये शिरतो. प्रेशर यंत्रणा गार असताना 1 ते 1.5 बार असावं. सिलिंडरजवळच्या नरसाळ्यासारख्या उघड्या भागातून पाणी ठिबकायला लागलं तर स्वतः व्हॉल्व्ह पिळत बसू नका, अशा सिलिंडरचं प्रशिक्षण घेतलेल्या माणसाला बोलवा.

कडाक्याच्या थंडीत बॉयलर गुळगुळ आवाज करून बंद पडला तर धुरातल्या वाफेचं झालेलं पाणी बाहेर नेणारा पांढरा प्लास्टिकचा पाइप गोठला असण्याची शक्यता मोठी. त्यावर कोमट पाणी ओता, उकळतं नको. मग बॉयलर रीसेट करा. हा बाहेरचा पाइप किमान 32 मिलिमीटरचा आणि इन्शुलेशन केलेला असावा, हे काम चालू असतानाच तपासा. आणि बॉयलरच्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लागल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका.

बसवणारा कितीही ओळखीचा असो, मंडळातल्या कोणाचा भाऊ असो, गॅस सेफचं, म्हणजे गॅसचं काम करणाऱ्यांच्या अधिकृत नोंदणीचं, कार्ड मागाच. आणि ते उलटून बघा. कोणकोणती कामं करायची त्याला परवानगी आहे ते मागच्या बाजूला लिहिलेलं असतं.