घरासाठी प्रिंटर: इंकजेट की लेझर?

आधी किंमत नको, वापर बघा. महिन्यातून दोनचार पानंच छापणार असाल तर इंकजेट टाळा. शाई नोझलमध्ये, म्हणजे ती फवारणाऱ्या बारीक छिद्रांत सुकते, छपाईत पांढऱ्या रेघा येतात आणि ही छिद्रं साफ करणाऱ्या हेड क्लीनिंगमध्ये उरलेली शाईही संपते. लेझरचा टोनर ही कोरडी पूड, महिनोन्महिने पडून राहिली तरी चालते. आधार, तिकिटं, अर्ज एवढंच काम असेल तर काळा-पांढरा लेझर बिनधास्त घ्या. मात्र त्याचा फ्यूझर (टोनर वितळवून कागदावर चिकटवणारा भाग) तापताना जोरात वीज ओढतो, म्हणून तो कॉम्प्युटरच्या यूपीएसला जोडू नका. इंकजेटचा चकचकीत फोटो पेपरही लेझरमध्ये घालू नका, थर वितळून रोलरला चिकटतो.

मुलांचे रंगीत प्रकल्प, फोटो असतील तर टाकीवाला (बाटलीतून शाई भरायचा) इंकजेट घ्या; शाई सुकू नये म्हणून आठवड्याला एक रंगीत पान काढायचंच.