दोन रंगांची चौकड्याची वाकळ

तासगावात द्राक्षांचा हंगाम उरकला की बायकांना जरा उसंत मिळते, आणि माझ्या पिको-फॉलच्या मशीनपाशी वाकळेची चौकशी सुरू होते. जुन्या कापडांच्या ठिगळांची वाकळ जिला जमते तिला शिकवायची गरज नाही. पण पहिल्यांदाच करणार असाल तर दोनच रंगांचं कापड घ्या आणि सरळ चौकडा करा. पाच फूट बाय सात फूट, एका माणसाला पुरेल एवढी.

कापड निवडण्यात घाई नको. सांगलीच्या कापड पेठेत जा नाहीतर गावातल्या दुकानात, पण घ्यायचं शंभर टक्के सुती पॉपलीन, छत्तीस इंच पन्ह्याचं, प्रत्येक रंगाचं अडीच मीटर. रंग वेगळे म्हणजे उठाव येतो असं नाही. लाल आणि हिरवा दुकानात झकास दिसतात, पण दोन्ही सारखेच गडद असले तर लांबून वाकळ नुसती मळकट दिसते. एक गर्द आणि एक फिका हवा: जांभळ्याशेजारी लिंबाचा पिवळा, नेव्ही ब्ल्यूशेजारी बदामी. दोन्ही तागे शेजारी ठेवून मोबाइलवर काळा-पांढरा फोटो काढा, फरक लगेच कळतो. पांढराशुभ्र मात्र नको, लेकरांच्या घरात तो आठवडाभरसुद्धा टिकत नाही.

घरी आणल्यावर दोन्ही कापडं वेगवेगळी भिजवून वाळवा, म्हणजे आटायचं ते आधीच आटेल. ओल्या गडद कापडावर पांढरी चिंधी दाबून बघा. रंग लागला तर पुन्हा धुवा. तरीही सुटत असेल तर ते कापड पिशव्यांना वापरा, वाकळेला नाही.

आता कापणी. एकशेचाळीस चौकोन सुटे कापत बसू नका. काठापासून काठापर्यंत आडव्या, साडेसहा इंच रुंद पट्ट्या कापा, प्रत्येक रंगाच्या चौदा. पॉपलीन टरकन फाडता येतं, पण कड ताणली जाते आणि पुढं कोपरे जुळत नाहीत. खडूनं रेघ मारून कात्रीच चालवा.

एक गडद आणि एक फिकी पट्टी सुलट बाजू समोरासमोर ठेवून लांबीला शिवा, कडेपासून पाव इंचावर. हा पाव इंच सगळीकडे एकसारखा हवा. मी सुईपासून पाव इंच मोजून मशीनवर चिकटपट्टी लावते आणि कापडाची कड तिला धरून सरकवते. शिवण उलगडून आतली दुमड गडद कापडाकडे वळवून इस्त्री करा. मग जोडपट्टीचा काठ छाटून ती साडेसहा-साडेसहा इंचांवर आडवी कापा. एका जोडपट्टीतून पाच जोड्या निघतात आणि पाच जोड्यांची एक ओळ होते, म्हणजे चौदा जोडपट्ट्यांच्या बरोबर चौदा ओळी.

ओळी जोडताना एक गडदानं सुरू करा, दुसरी फिक्यानं. दुमडी सगळीकडे गडदाकडेच वळवलेल्या असल्या की शेजारच्या ओळीतली दुमड उलट दिशेला येते. शिवण शिवणीला लावून बोटानं चाचपडा. दोन्ही दुमडी एकमेकींना अडल्या की तिथं टाचणी मारा. चारही चौकोनांचे कोपरे नेमके एका ठिकाणी येतात, बघायला मजा वाटते.

आतल्या थराला आणि अस्तराला एकेक जुनी सुती साडी घ्या, धुऊन मऊ झालेली. सिंथेटिक नको, टाके घसरतात आणि उन्हाळ्यात अंगाला चिकटते. साडी मधोमध कापून दोन तुकडे लांबीच्या कडांनी जोडले की दोन्ही बाजूंनी पुरते. अस्तर चौकड्यापेक्षा चारी बाजूंनी दोन इंच मोठं ठेवा, आतला थर चौकड्याएवढाच.

फरशी पुसून अस्तर उलटं पसरा, कडांवर विटा किंवा पाटे ठेवून ताणा. वर थर, वर चौकडा. हात फिरवून सुरकुत्या काढा आणि वीतभर अंतरानं कच्चे टाके घाला. हा कंटाळा करणारीची वाकळ फुगते.

पक्का धावदोरा हातानं. सासूबाई कडेपासून आत फिरत जातात, कारण त्यांच्या हाताला ताण कळतो. नवख्या बाईनं मधून बाहेर जावं, म्हणजे ढिलाई कडेकडे सरकते. दोन ओळींत दोन बोटांचं अंतर ठेवा. दोरा हातभरच घ्या, लांब घेतला की गुंततो. गाठ हलकेच ओढून आतल्या थरात नेली की दिसत नाही. रोज तासभर बसलं तर पाठ दुखत नाही; एका दिवसात संपवायची ईर्ष्या कशाला?

शेवटी कच्चे टाके उसवा, अस्तराची जादा कड दोनदा दुमडून पुढच्या बाजूला आणा आणि टीप मारा. कोपऱ्यावर आधी तिरकी घडी घाला, मग बाजू दुमडा. पहिली धुलाई थंड पाण्यात, एकटीच. आणि वाळवताना दोरीवर लटकवू नका, ओली वाकळ जड होऊन टाके ताणले जातात. बाजेवर आडवी पसरा.