टाच टेकूनही खर्जात न उतरणारा वाह

वाजवता वाजवता पायानेच वाह (आवाज खर्जातून तीव्रतेकडे नेणारा इफेक्ट) आणि डिले (सुरांचा प्रतिध्वनी) बदलता यावेत, म्हणून मी गिटारच्या इफेक्ट्स प्रोसेसरला मिडी (उपकरणांमध्ये आकड्यांचे संदेश पाठवण्याची पद्धत) वापरणारा फूट कंट्रोलर जोडला. सुरुवातीला दर वेळी हव्या त्या पॅचच्या (साठवून ठेवलेल्या आवाजाच्या मांडणीच्या) पुढचाच पॅच लागत असे. मिडीमध्ये प्रोग्रामचे क्रमांक ० ते १२७ असे जातात आणि माझा प्रोसेसर तेच १ ते १२८ असे दाखवतो, हे लक्षात आल्यावर कंट्रोलरमधला आकडा एकने कमी केला आणि तो प्रश्न मिटला.

खरा त्रास एक्स्प्रेशन पेडलचा, म्हणजे पायाने झुकवून इफेक्ट कमी-जास्त करायच्या पेडलचा होता. टाच पूर्ण टेकवली तरी वाहचा आवाज पुरता खर्जात उतरत नसे, आणि पंजा दाबल्यावरही वरचे टोक गाठत नसे. केबल बदलून काहीच साधले नाही. अखेर कंट्रोलर संगणकाला जोडून मिडी मॉनिटरवर (येणारे संदेश दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) पेडल सावकाश हलवत आकडे पाहिले, तेव्हा टाचेकडे १४ आणि पंजाकडे ११३ एवढेच दिसले. दोष प्रोसेसरचा नव्हता, पेडलचे कॅलिब्रेशन चुकले होते. कंट्रोलरच्या मेनूमध्ये जाऊन दोन्ही टोके नव्याने नोंदवली, आणि पेडल ० ते १२७ असे सलग फिरू लागले.

मात्र आता डिलेचा फीडबॅक (प्रतिध्वनी पुन्हा पुन्हा उमटण्याचे प्रमाण) शेवटच्या टोकाला अनावर होऊन सुरांवर चढू लागला, म्हणून प्रोसेसरमध्ये त्या एकाच पॅरामीटरची कमाल मर्यादा ६० टक्क्यांवर आणली. वाहला मात्र पूर्ण पल्लाच ठेवला आहे.